ला त्रिनिदादची मानांग बेबी

२ जून, सोमवार

डॉक्टरांनी लिझेलला तीन आठवडे बोलायला बंदी केली. स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. कुजबुजायचंही नाही. गाठी कशाने येतात, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ओरडण्याने. मी लिझेलकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं.

गेलं दीड वर्ष माझी ही भाची रोज दुपारी दोन तास फोनसमोर उभी राहून परदेशातून आलेले जुने कपडे विकते. विकते म्हणजे किंचाळते. "माइन करा माझ्या राण्यांनो, माइन, माइन!" ज्याला कपडा हवा त्याने खाली 'माइन' लिहायचं. जो आधी लिहील त्याचा कपडा. तोच कपडा दुसऱ्या कोणाला हवा असेल तर त्याने 'ग्रॅब' लिहायचं आणि तीस पेसो जास्त मोजायचे. शिकलीसवरलेली माणसं हा खेळ खेळतात.

अडचण अशी की गठ्ठा कालच आला आहे. कोरियाचे हिवाळी कोट, शंभर किलो. बागियोच्या या पावसाळी हवेत तीन आठवडे बांधून ठेवला तर पायपुसणं म्हणूनही कोणी घेणार नाही. लिझेलने पांढऱ्या पाटीवर लिहिलं, "आंटी, तुम्ही कराल?"

मी चौतीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं. पन्नास पोरं शिलाई यंत्रांसमोर गप्प बसवली. एका फोनला मी घाबरत नाही.

तसंही हे महिनाअखेरपर्यंतच आहे. ३० तारखेला तिला तैवानच्या नोकरीच्या करारावर सही करायची आहे. म्हाताऱ्या माणसांची देखभाल, तीन वर्षं. धंद्याला उठाव नाही म्हणून तिने अर्ज केला होता. पगार चांगला आहे. मी तिला तेव्हाच सांगितलं, जा.

३ जून

नऊ प्रेक्षक.

लिझेल फोनच्या मागे उभी राहून पाटी दाखवत होती. "हसा!" मग "राण्यांनो म्हणा!" मग "आंटी, हसा ना!!!" मी कोट हातात घेतला आणि दिसलं ते सांगितलं. "तपकिरी कोट. डाव्या काखेत डाग, एका पेसोच्या नाण्याएवढा. निघणार नाही, मी काढून पाहिला. दुसरं बटण मूळचं नाही. लग्नाला घालू नये. बाजारात जायला उत्तम." धंद्यात दोषाला 'इश्यू' म्हणतात. मी दोषच म्हणते.

लिझेलने कपाळावर हात मारला. नवाचे सात झाले.

वीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग एक 'माइन' आलं. नाव 'मानांग बेबी, ला त्रिनिदाद'. मानांग म्हणजे ताई. ताई पण म्हणवून घ्यायचं आणि बेबी पण. एकच काहीतरी ठरवावं माणसाने. फोटोच्या जागी सूर्यफूल. पण दिवसाची पहिली विक्री ती. पहिल्या गिऱ्हाइकाला भाव कमी करायचा आणि त्याची नोट उरलेल्या मालावरून फिरवायची, ही रीत मी आईपासून पाहत आले आहे. फोनवरून आलेल्या पैशाला नोट कुठली? मी फोनच कोटांवरून फिरवला. लिझेलला तोंड दाबून हसावं लागलं, कारण हसायलाही बंदी आहे.

५ जून

तेरा प्रेक्षक. लिझेलने मला तिची वही वाचायला दिली. कुठल्याशा फुकटच्या शिबिरात उतरवून घेतलेली. पहिल्या पानावर : "तुमचा ब्रँड म्हणजे तुम्ही स्वतः. खरे राहा. लोक वस्तू घेत नाहीत, विश्वास घेतात." दुसऱ्या पानावर : "दर तीन मिनिटांनी हसा. मागे गुलाबी पडदा लावा. प्रेक्षकांना लाडाची नावं द्या."

"ही दोन पानं एकाच माणसाने सांगितली?" मी विचारलं.

तिने मान हलवली.

"ब्रँड कॉलरच्या आत शिवलेला असतो, लिझेल. आणि आपल्या बाजारात निम्म्या वेळा तोही मागाहून शिवलेला असतो."

तिने लिहिलं, "तुम्ही फक्त तुम्ही राहा."

"मग हसण्याचं काय?"

तिने पुसलं आणि लिहिलं, "थोडंसं?"

"मग ती मी नव्हे."

७ जून, शनिवार

आज कोणीतरी विचारलं, "मॅम, हा कोट खरंच लोकरीचा आहे का?" प्रश्न योग्य होता. मी आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. जळक्या केसांचा वास आला, राख बोटाने चुरगळली. "लोकर," मी सांगितलं. दुसऱ्या कोटाचा धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. "हे प्लास्टिक. लेबलवर शंभर टक्के लोकर लिहिलं आहे. लेबल खोटं बोलतं आहे. ज्याला पावसात घालायला हवा त्याने घ्यावा, लवकर वाळेल."

मग सगळ्यांनाच प्रत्येक कपडा जाळून हवा. एक्केचाळीस प्रेक्षक, आणि काड्यांची पेटी संपली.

एकाने लिहिलं, "मॅम लावयान, मी अर्नेल बुगतोंग, १९९६ची बॅच. तुम्ही मला काजाचा टाका चुकला म्हणून तासभर उभं केलं होतं. अजून पाय दुखतात. निळा कोट माइन!"

"तू काजाचा टाका चुकला नव्हतास," मी म्हटलं, "तू तो बहिणीकडून करून आणला होतास." खाली बराच वेळ हसण्याची चित्रं येत राहिली. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. मी वस्तुस्थिती सांगितली.

मानांग बेबीने लिहिलं, "मॅमसारखं कोणी नाही. मी रोज येणार." समंजस बाई आहे. विक्री मंदावली की बरोबर त्याच वेळी ती काहीतरी घेते, म्हणजे माणसं पुन्हा जागी होतात. उलट आमची लिझेल. ऐन त्याच वेळी स्वतःच्या फोनमध्ये मान खुपसून बसलेली असते. मी तिला सांगितलं, जरा त्या बाईकडून शीक.

१० जून

शहाण्णव प्रेक्षक. कालपासून टेबलाच्या डाव्या बाजूला नवा दिवा लावला आहे, त्याचा परिणाम. चांगल्या उजेडाचं महत्त्व मी शिवणाच्या वर्गातही सांगत असे.

बेबीचा खासगी निरोप आला : जेवलात का, घसा सांभाळा, कोमट पाणी प्या. मी आभार मानले. तिची पार्सलं कुरियरने पाठवायची गरज नाही म्हणे, लिझेल भाजी आणायला शेजारच्या ला त्रिनिदादला जाते तेव्हा नेऊन देते. मी प्रत्येक पिशवीवर नाव स्वच्छ अक्षरात घालते. तिने घेतलेल्या हिरव्या स्वेटरचा कोपर उसवला होता, तो रफू करून दिला. जादा पैसे घेतले नाहीत.

१२ जून

सुट्टी. धुकं इतकं की समोरचं पाइनचं झाड दिसत नव्हतं. कॉफी, भाजलेलं रताळं, इस्त्री.

बेबीने विचारलं, तुमची भाची परदेशी जाणार म्हणे, तुम्हाला कसं वाटतं? आजवर कोणी मला हे विचारलं नव्हतं. सगळे पगार विचारतात. मी एका बोटाने लिहायला बसले, आणि लिहीत गेले. लिहिलं की हिची आई नॉर्मा, माझी धाकटी बहीण, दोन वर्षांसाठी हाँगकाँगला गेली आणि एकोणीस वर्षं राहिली, तिथेच वारली. आई निघाली तेव्हा ही पाच वर्षांची होती. आठवडाभर बसथांब्यावर जायचा हट्ट धरायची. लिहिलं की लिझेल गेली तर सकाळी दोन कप काढायची सवय मोडायला मला किती दिवस लागतील, याचा अंदाज मला नॉर्माच्या वेळी आलेला आहे.

हे शेवटचं वाक्य पुसायला गेले तर निरोप निघून गेला होता. असो. परक्या माणसाला सांगितलेलं वाया जात नाही आणि घरातही येत नाही.

लिझेल संध्याकाळी लवकर झोपायला गेली. डोळे लाल होते. धुळीचा त्रास. उद्यापासून गठ्ठा उघडताना नाकाला रुमाल बांधायला लावते.

१४ जून

एकशे ऐंशी. दोन बायका आठवडाभर 'माइन' लिहून गायब होत होत्या. मी आज हजेरी घेतल्यासारखी त्यांची नावं वाचली. "आडनाव पिलांदो. हजर? आडनाव सुमालबाग. हजर?" दोघींचे पैसे पाचच्या आत आले. एकीने "सॉरी मॅम" लिहिलं आणि शुद्धलेखन सुधारून पुन्हा लिहिलं.

मग मी म्हटलं, "मानांग बेबीकडे बघा. अकरा कपडे घेतले, प्रत्येकाचे पैसे त्याच दिवशी. गिऱ्हाईक असं असावं."

लिझेलच्या हातून पाटी पडली.

१६ जून

बेबीने विचारलं, हे सगळं तुम्ही भाचीला सांगितलंत का? मी लिहिलं, अशा गोष्टी सांगायच्या नसतात. आपल्या इच्छेचं ओझं पोरांच्या बॅगेत घालू नये. विमानात वजनाला मर्यादा असते.

तिचं उत्तर आलं नाही. कदाचित मी जास्त कडक लिहिलं.

१७ जून, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

लिझेल बाजारात गेली होती. मी तिच्यासाठी लोकरीचे तीन जोड मोजे विणले आहेत. तैवानात हिवाळा असतो की नाही मला माहीत नाही, पण पाय सगळीकडे असतात. ते तिच्या नकळत बॅगेच्या तळाशी ठेवावेत म्हणून पलंगाखालून बॅग ओढली. जड लागली. उघडली. आत अकरा पिशव्या. प्रत्येकीवर माझ्या स्वच्छ अक्षरात 'मानांग बेबी, ला त्रिनिदाद'. एकही उघडलेली नव्हती. रफू केलेला हिरवा स्वेटर सगळ्यात वर.

लिझेल आली तेव्हा अकराही पिशव्या जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडलेल्या होत्या.

मुक्या माणसाशी भांडण्यात अर्थ नसतो. मी बोलते, ती लिहिते. तिचं लिहून होईपर्यंत माझा राग निवतो, म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

"सगळेच करतात," तिने लिहिलं. "खोट्या नावाने थोडंसं. गर्दी जमावी म्हणून."

"सगळे!"

"पहिल्या दिवशी नऊच होते. तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"नऊ तर नऊ! मी नऊ जणांना विकलं असतं!"

"सात झाले होते."

"मग सात! आणि बेबीने 'माइन' लिहिलं म्हणून ज्यांनी 'ग्रॅब' लिहून तीस पेसो जास्त मोजले, ते? त्यांना कोणाशी झुंजवलंस? सूर्यफुलाशी?"

तिने पाटी पुसली. मग लिहिलं, "चौघं आहेत. यादी माझ्याकडे आहे."

यादी ठेवली होती. म्हणजे तिलाही बोचत होतं. तरी मी जेवले नाही.

१८ जून

रात्री ठरवलं होतं, सकाळी पुन्हा तेच वाटलं, म्हणजे निर्णय बरोबर होता. चौतीस वर्षांत माझ्या नावाला कोणी बोट लावलं नाही. ते नाव मी गेले पंधरा दिवस त्या फोनसमोर ठेवलं आहे. लोक माझ्या शब्दावर कपडा न चाचपता घेतात. तो शब्द फाटका असेल तर आधी तेच सांगायला हवं.

दोनशे चाळीस प्रेक्षक. लिझेल पाटी छातीशी धरून उभी होती. मी म्हटलं :

"आज कपड्यांच्या आधी दुकानाचा दोष सांगते. मानांग बेबी नावाची बाई नाही. ते खातं या दुकानातलं आहे. तिने घेतलेले अकरा कपडे इथेच आहेत. चार वेळा तिच्यामुळे तुम्हाला जास्त पैसे पडले. त्या चौघांचे वरचे पैसे आज सकाळी परत पाठवले आहेत. कपडाही परत करायचा असेल तर करावा. शनिवारी मी तुम्हाला तिचं उदाहरण घालून दिलं. ते मागे घेते."

लिझेलने पाटी वर केली, "माझी चूक आहे असं सांगा."

"दुकान एक आहे," मी म्हटलं, "चूक दुकानाची."

दोनशे चाळीसचे दोनशे झाले, मग एकशे एकतीस. मी पहिला कोट उचलला आणि दोष सांगायला लागले. करडा, अस्तर उसवलेलं, उजव्या खिशाला भोक. माझा आवाज मला नीट वाटला. लिझेल नंतर म्हणाली, म्हणजे लिहून, की मी कोट उलटा धरला होता.

मग अर्नेल बुगतोंग आला. "मॅम, त्या चौघांतला मी एक. पैसे मिळाले. पण मला एक सांगा, त्या बहिणीकडून करून घेतलेल्या काजाबद्दल मी तेव्हाच कबूल केलं असतं तर उभं केलं असतंत का?"

"केलं असतं," मी म्हटलं. "अर्धा तास."

मग कोणी लिहिलं, "मग आता मॅमना अर्धा तास उभं करा!" कोणी लिहिलं, "पण मॅम उभ्याच आहेत!" आणि पिलांदो आडनावाच्या बाईने लिहिलं, "ते सगळं राहू द्या. बेबीचा तो हिरवा स्वेटर आता कोणाचा? माइन!"

"ग्रॅब!" दुसरीने लिहिलं.

"आज ग्रॅब नाही," मी सांगितलं. "जी आधी तिचा." तासाभरात अकराही कपडे गेले. एकही कपडा परत आला नाही.

२० जून

तीनशे. एका वयस्क गृहस्थांनी लिहिलं की ते काही विकत घेत नाहीत, दुपारी खरं ऐकायला येतात. रिकामटेकडे असावेत. बाकी वाढ दिव्यामुळेच, असं मी लिझेलला म्हटलं. तिने दिव्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "हो. दिवा."

दुपारी इस्त्री करता करता हात थांबला. बेबी म्हणजे लिझेल, हे मी मंगळवारीच समजले होते. पण बेबीला मी जे लिहिलं ते कोणी वाचलं, हा हिशेब मी केलाच नव्हता. दोन कप. बसथांबा. सगळं.

एका शर्टाला इस्त्रीचा डाग पडला. तो मी स्वतः विकत घेतला.

२३ जून

तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी गाठी बसल्या म्हणून सांगितलं. हळू बोलायला परवानगी, ओरडायला कधीच नाही. दवाखान्याबाहेर लिझेल पहिलं वाक्य बोलली, "आंटी, भूक लागली." आवाज घोगरा, तिच्या आईसारखा. मी रस्त्यावरच्या गाडीवरून सोयाबीनचा गरम, गोड ताहो घेतला, दोन पेले, आणि छत्री तिच्या बाजूला जास्त धरली. माझी डावी बाही भिजली. जाड कापड आहे, वाळेल.

निरोपांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. आम्ही दोघी शहाण्या आहोत.

२९ जून, रविवार

चर्चहून आल्यावर मी भाजीसाठी चायोटे चिरत होते. उद्या सकाळी सातच्या बसने तिला मनिलाला जायचं होतं, सहीसाठी. लिझेल तांदूळ धूत होती.

"आंटी."

"डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं आहे."

"कमीच बोलते. उद्या जाऊ का?"

"तुझं तू ठरवायचं. पगार चांगला..."

"पगार मला माहीत आहे. शेजारच्या कोंबड्यांनाही माहीत आहे." तिने नळ बंद केला. "बेबीला सांगितलंत ते मला सांगा."

"ती बाई अस्तित्वात नाही."

"म्हणूनच. मी आहे."

मी चायोटेच्या फोडी केल्या. मग त्या फोडींच्या फोडी केल्या. दोनशे चाळीस माणसांसमोर मी दुकानाचा दोष घडाघडा सांगितला होता. इथे एकच माणूस होतं आणि तेही पाठमोरं.

"आणि मी राहा म्हटलं, तू राहिलीस, मग पुढे धंदा बसला तर?" मी विचारलं. "मला दोष देशील."

"देईन की. पण तुमच्या तोंडावर देईन."

हे उत्तर मला पटलं.

"नको जाऊस," मी म्हटलं. आवाज वर्गात लागायचा तसा लागला. पलीकडे कुत्रं भुंकायला लागलं. "मला तू इथे हवी आहेस. कोटांसाठी नाही. म्हणजे कोटांसाठीही. पण आधी तशीच."

ती वळली नाही. पातेल्यात हात घालून तशीच उभी राहिली, आणि तिचे खांदे हलत होते ते मी पाहिले. मी चिरत राहिले. काही गोष्टी लगेच तपासू नयेत.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने नाक ओढून विचारलं, "आंटी, तांदळाला पाणी किती घालू?"

तेवीस वर्षं ती माझ्या घरात आहे आणि कितीतरी वर्षं भात तीच लावते. तरी मी सुरी खाली ठेवली, उठून तिच्याजवळ गेले आणि सांगितलं, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.